घर क्रमांक तीनची बादली

"घर क्रमांक तीन. आपल्या घरातल्या एका व्यक्तीच्या जिवाला धोका आहे. कृपया आजच्या आज नगरपरिषदेच्या दवाखान्यात तपासणीसाठी या."

रूथमावशींचा फोन हे बोलला तेव्हा मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून उकडलेलं अंडं सोलत होते. त्या चहा गाळत होत्या. आवाज बाईचा होता, गोड, एकेक शब्द सुटा करून बोलणारा. मावशींनी गाळणी बाजूला ठेवली आणि फोनकडे बघत म्हणाल्या, "एका व्यक्तीच्या म्हणे. आहेच एक घरात."

"पुन्हा साखर?"

"दुसरं काय. पोस्टात होते तेव्हापासून मधुमेह आहे मला. यांना वास आत्ता आला."

मी हसले. खरं म्हणजे दोघीही हसलो. कमरेवर बसलेल्या इरूच्या तोंडात मी अंड्याचा तुकडा घातला, तो तिनं थुंकला आणि मावशींच्या माठाकडे हात केला. "पानी." आत्ताच एक भांडं संपवलं होतं तिनं. मावशींनी दुसरं दिलं.

मावशींनी कपाटातून आपलं साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं, बोट टोचलं, आकडा मला दाखवला. त्यांच्या वयाच्या बाईला शोभेल असा, अगदी बरा. "बघ. त्यांच्या यंत्रापेक्षा माझं यंत्र शहाणं." मी अंड्याची टरफलं त्यांच्या बादलीत टाकली आणि इरूला घेऊन समोरच्या आमच्या घरी गेले.

त्या बादलीबद्दल आधी सांगायला हवं.

आमच्या कोळगिरी नगरपरिषदेनं दोन वर्षांपूर्वी घंटागाड्यांना नाक बसवलं. लोकांनीच ठेवलेलं नाव. कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक म्हणतात. मी भौतिकशास्त्राची पदवीधर, त्यामुळे इमारतीतल्या बायकांना ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. कुठलीही वस्तू वास सोडते म्हणजे तिचे अतिसूक्ष्म कण हवेत सुटतात. गाडीतल्या नाकात शेकडो पातळ पापुद्रे आहेत. प्रत्येक पापुद्र्याला वेगळ्या जातीचे कण चिकटतात, आणि चिकटले की त्यातून वाहणारी वीज जराशी बदलते. त्या शेकडो बदलांची मिळून एक नक्षी तयार होते. कुजलेल्या टोमॅटोची वेगळी, काविळीच्या रोग्यानं वापरलेल्या रुमालाची वेगळी. शिवाय गाडीत कचरा एका सरकत्या पट्ट्यावर पसरतो, त्यावर उजेडाची एक तिरीप फिरते आणि परत आलेल्या उजेडावरून त्यात साखर आहे, रक्त आहे की औषध आहे ते कळतं. प्रत्येक बादलीच्या बुडाला घराच्या क्रमांकाची चकती, ती गाडी वाचते. म्हणजे रोज सकाळी, कुणाला सुई न टोचता, अख्ख्या गावाची तपासणी.

हे थोतांड नव्हतं. मागच्या पावसाळ्यात तेली गल्लीतली कावीळ पहिला माणूस पिवळा पडायच्या आत या नाकानं पकडली होती.

पण नाकाला पोटात काही ठेवता येत नव्हतं. जे सापडेल ते घराच्या नोंदलेल्या फोनवर कळवायचं, आणि घराचा नोंदलेला फोन म्हणजे बहुतेक वेळा सासऱ्यांचा किंवा सासूबाईंचा. गावात त्यावरून किती भांडणं झाली असतील. कुणाच्या सुनेची सिगारेट, कुणाच्या मुलाची बाटली, आणि एका बिचारीला दिवस गेल्याचं तिच्याआधी तिच्या सासूला कळलेलं.

त्यावर आमच्या इमारतीनं उपाय काढला. उपाय कुणी ठरवून काढला नाही, तो रुळत गेला. वनश्री अपार्टमेंटमध्ये सहा घरं. त्यात आम्ही शेटे, कांदा-लसूण चालतं पण अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. तळमजल्यावरचे बापू गुरव एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले; त्यांच्या बायकोच्या लेखी त्यांनी दारू सोडलेली. आणि घर क्रमांक तीनमध्ये रूथमावशी शेलार, एकट्या, कुणाला जाब न देणाऱ्या, सगळं खाणाऱ्या. त्यांच्या बादलीत काहीही सापडलं तरी कुणाच्या भुवया चढत नाहीत. म्हणून सकाळी गाडी यायच्या आधी जिन्यात ठेवलेल्या त्या हिरव्या बादलीचं झाकण हळूच उघडायचं, काहीतरी आत जायचं, आणि झाकण बंद व्हायचं. मावशींना सगळं माहीत होतं. म्हणायच्या, "टाका गं. माझ्या बादलीला सगळे धर्म चालतात."

माझी अंडी बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेली. इरू दोन वर्षांची, वजन धरत नव्हती. आणि दुसरी गोष्ट डायपर. सासूबाईंना डायपरचा राग. "पोरीचं कातडं जळतंय त्यानं. आमची काय लंगोटात वाढली नाहीत?" असं म्हणत त्यांनी जुन्या सुती लुगड्यांचे गठ्ठाभर लंगोट शिवून ठेवलेले. दिवसा लंगोट. रात्री त्या झोपल्या की मी इरूला डायपर घालायचे आणि त्या उठायच्या आत काढून, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, मावशींच्या बादलीत. त्या उन्हाळ्यात तो डायपर सकाळी इतका जड लागायचा की मला एकदा वाटलं होतं, कंपनी बदलावी.

मी घाबरट म्हणून घरात प्रसिद्ध आहे. इरू झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. ती खोकली की कितव्यांदा खोकली हे माझ्या लक्षात असतं. माझा नवरा निशांत नोकरीसाठी पुण्यात असतो, शनिवारी येतो. फोनवर मी म्हटलं, "ती फार पाणी पितेय रे." तो म्हणाला, "मे महिना आहे, ऋजुता. मीपण पितोय." मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हिच्या तोंडाला कसला तरी गोड वास येतोय." त्यांनी इरूचं तोंड हुंगलं. "रस खाल्लाय पोरीनं. आंब्याचा वास येईल नाहीतर काय कडुलिंबाचा?" मला ते पटलं. दर वेळी घाबरून हसं करून घेण्यापेक्षा, मी ठरवलं होतं, की या उन्हाळ्यात न घाबरायला शिकायचं.

मावशींना फोन येतच राहिले. मग एक दिवस नगरपरिषदेची दोन माणसं आली. मावशींनी त्यांना चहा दिला, बोट टोचून दाखवलं. ती माणसं म्हणाली, आत्ताचा आकडा ठीक असेल, पण गाडीचं मोजमाप रोजचं आहे. त्यानंतर आला तो हुकूमच होता. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या नियमानुसार, वारंवार सूचना देऊनही उपचार न घेतल्यामुळे श्रीमती रूथ शेलार यांना 'सांजसावली' या नगरपरिषदेच्या निवासात हलवण्यात येईल. हरकत असल्यास प्रभागाच्या सभेत मांडावी.

सांजसावली चांगली आहे असं सगळे म्हणतात. पंखे आहेत, बाग आहे, भजनी मंडळ येतं. मावशी मात्र त्या दिवशी खुर्चीत बसून राहिल्या. स्वतःच्या पैशानं घेतलेलं, स्वतः रंग निवडलेलं घर. खिडकीत पोपटी रंगाचा पडदा. त्यांनी मला विचारलं, "माठ नेऊ देतील का गं तिथं?"

म्हणून आम्ही सभेला गेलो. सगळी इमारत. बोलायचं मी, कारण मी शिकलेली.

सभा नगरपरिषदेच्या जुन्या सभागृहात दुपारी चारला होती. गर्दी मला वाटली त्याच्या तिप्पट. वर व्यासपीठावर नगराध्यक्षा पद्मजाताई, शेजारी आरोग्य अधिकारी कुंभोजकर, मागे भिंतीवर मोठा पडदा. सभा घराघरात फोनवर दिसायची सोय होती. सासूबाई घरी इरूला मांडीवर घेऊन बघत बसणार होत्या. निघताना इरू पेंगुळली होती. "जा तू, मी आहे," त्या म्हणाल्या. "तिकडं नीट बोल. पदर सारखा करत बसू नको."

आधी इतरांची पाळी. एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या घरात किती भाकरी होतात हे नगरपालिकेला कशाला पाहिजे? नळाला पाणी किती येतं ते हुंगा." टाळ्या. एक तरुण मुलगी उभी राहिली, तिनं नुसतं एवढंच म्हटलं, "मला सांगायचं होतं ते मला सांगायचं होतं. माझ्या सासऱ्यांना गाडीनं सांगायला नको होतं," आणि बसली. तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पद्मजाताईंनी काहीतरी लिहून घेतलं.

मग मी. आवाज बरा लागला. मी म्हटलं, रूथ शेलार यांची प्रकृती उत्तम आहे, त्यांनी रोज साखर तपासलेली आहे, त्या रोज स्वतः बाजारात जातात, गाडीचं नाक चुकतंय आणि त्या चुकीपायी एका स्वतंत्र बाईला तिच्या घरातून उचलू नका.

कुंभोजकर उठले. सडपातळ, चष्मा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. ते चिडलेले नव्हते, आणि त्याचंच मला नवल वाटलं.

"ताई, मलाही कुणाला उचलायची हौस नाही," ते म्हणाले. "पण मी काय बघतोय ते सांगतो. घर क्रमांक तीन, राहणारी व्यक्ती एक, वय एकाहत्तर, मधुमेह. त्या घराच्या बादलीत मद्याच्या बाटल्या सापडतात. कोंबडीची हाडं, अंड्यांची टरफलं, आणि दुसरीकडे अख्खंच्या अख्खं जेवण, रोज, न उष्टावलेलं, तसंच टाकलेलं. म्हणजे बाई स्वयंपाक करते आणि जेवत नाही. लघवीत साखर, आणि त्याहून वाईट म्हणजे कीटोन. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळायला लागतं, त्याची ही राख समजा. ती रक्तात साठली की माणूस बेशुद्ध होतो. हे प्रमाण रोज वाढतंय. अशा बाईला मी एकटं सोडलं आणि उद्या ती दाराआड मेली, तर तुम्हीच इथं येऊन मला विचाराल."

सभागृहात कुजबुज झाली. मावशी माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या.

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. बापू गुरव उभे होते.

"साहेब, बाटल्या माझ्या," ते म्हणाले.

सगळं सभागृह हसलं. बापूंच्या बायकोनं त्यांचा सदरा खाली ओढला, ते बसले नाहीत. "आता उभा राहिलोय तर बोलू द्या. रूथबाईनं आयुष्यात थेंब घेतला नाही. बाटल्या माझ्या, आणि संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीची हाडंपण माझीच."

"संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीची?" त्यांच्या बायकोनं विचारलं. "मी स्वतः बघितलीत. संकष्टीचीच होती ती."

आता पद्मजाताईही हसत होत्या. त्यांनी कुंभोजकरांकडे बघितलं, ते गोंधळून आपल्या पडद्याकडे बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईनं उठून सांगितलं की सिगारेटची थोटकं त्यांच्या मुलाची आहेत. मला कळलं की आपण जिंकतोय. एकेक वस्तू उचलून आपण परत घेतली की मावशींची बादली रिकामी होणार, आणि रिकाम्या बादलीसाठी कुणाला घरातून काढता येत नाही. सासूबाई बघताहेत हे मला माहीत होतं. तरी मी उठले.

"अंड्यांची टरफलं माझी आहेत," मी म्हटलं. "माझ्या मुलीसाठी. घरी चालत नाहीत."

"शेट्यांच्या घरात अंडं," बापू मागून म्हणाले. "माझ्या बाटल्या माफ झाल्या."

पुन्हा हशा. पद्मजाताई हसू आवरत म्हणाल्या, "कुंभोजकर, तुमची बादली तर गावजेवणाची निघाली. राहिलं काय?"

"लघवीचा भाग राहतो, मॅडम," ते म्हणाले. "तो कुणी बादलीत आणून ओतत नाही ना. साखर आणि कीटोन सापडलेत ते वापरलेल्या डायपरमध्ये. कागदात गुंडाळलेला असतो, म्हणून आकार कळत नाही, पण रोज एक. या वयात पुष्कळांना लागतो, त्यात लाजण्यासारखं..."

"मी डायपर वापरत नाही," मावशी स्पष्ट म्हणाल्या.

आणि मी, अजून उभीच होते, तोंडावर हसू तसंच होतं, बापूंसारखा हात वर करून म्हणाले, "तेही माझंच. माझ्या मुलीचा..."

पुढचा शब्द मला आठवत नाही. बहुधा तो नव्हताच.

हशा सुरू झाला होता, तो पुढच्या रांगांपासून मागे विझत गेला. मी हात वर केलेलाच होता. माझ्या डोक्यात काही विचार वगैरे आले नाहीत. फक्त माठ दिसला. माठाकडे गेलेला इरूचा हात. मग दोरीवर वाळणारे लंगोट, एक दोरी पुरत नाही म्हणून सासूबाईंनी दुसरी बांधलेली. सकाळचा तो जड डायपर. तिच्या तोंडाचा गोड वास, आंब्याचा, जो त्या दिवशी सकाळीही आला होता. आणि त्या सकाळी रस केलेलाच नव्हता.

कुंभोजकर व्यासपीठावरून खाली उतरले. पायऱ्यांनी नव्हे, कडेवरून उडी मारून. "ताई, मुलगी केवढी आहे?"

"दोन."

"कुठे आहे आत्ता?"

माझ्या हातातला फोन वाजत होता. सासूबाई. मी उचलला आणि मला वाटलं, अंड्यावरून बोलतील. देवा, अंड्यावरूनच बोलू देत.

"ऋजुता," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, बारीक, पोरीसारखा. "अंड्याचं राहू दे. त्यांनी ते साखरेचं सांगितलं ना, म्हणून मी हिला उठवायला गेले. इरू डोळे उघडंना गं."

कुंभोजकरांच्या गाडीत मागे मी आणि मावशी. बापू पुढे बसले होते, ते कधी चढले मला माहीत नाही. खिडकीतून हात बाहेर काढून ते एसटीच्या आवाजात लोकांना बाजूला करत होते. घरासमोर सासूबाई इरूला खांद्यावर टाकून रस्त्यावरच उभ्या होत्या, अनवाणी. इरूचा श्वास खोल आणि जोरात चालला होता, पळून आल्यासारखा. मावशींनी पर्समधून आपलं यंत्र काढलं, गाडी चालू असतानाच तिचं बोट टोचलं. ती रडली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीनं रडावं म्हणून देवाला हात जोडले. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. त्याच्या मोजण्याच्या पलीकडे होती साखर.

"माझ्याच यंत्राला इतके दिवस विचारत बसले," मावशी म्हणाल्या. "आणि ही माझ्या समोर पाणी पीत होती."

दवाखान्यात कुंभोजकरांनी आधीच कळवलं होतं. इरूला आत नेलं. पुढचं मी काचेतून बघितलं: बारीकसा हात, त्याला लावलेली सलाईनची नळी, आणि डॉक्टरांची पाठ. सासूबाई भिंतीशी जमिनीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात घेतला आणि विचारलं, "रोज घालत होतीस डायपर?"

"हो, आई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या लंगोटांनी काय सांगितलं असतं कुणाला. मी तर धुऊन टाकत होते."

माझ्या मनात उलटं चाललं होतं. तो डायपर आमच्याच बादलीत गेला असता तर पहिला फोन सासूबाईंना आला असता, "घर क्रमांक चार, वय वर्षे दोन." घरात भांडण झालं असतं. जोरात झालं असतं. आणि इरूला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं.

रात्री उशिरा ती रडली. आत, काचेपलीकडे, तोंड वेडंवाकडं करून. आवाज ऐकू आला नाही, पण मला दिसलं. निशांत तोवर पुण्याहून पोचला होता. तो काचेला कपाळ टेकून उभा राहिला.

आता इरू घरी आहे. तिला आयुष्यभर इन्शुलिन घ्यावं लागेल. दंडावर एक चकती चिकटवलीय, ती साखर मोजत राहते. इरू तिला "बटन" म्हणते. रूथमावशींचा हुकूम मागे घेतला गेला, पोपटी पडदा आहे तिथंच आहे. नगरपरिषदेनं ठराव केला: सूचना ज्याची त्याला, घरच्या मोठ्या माणसाला नाही. सभेत उभी राहिलेली ती मुलगी मला बाजारात भेटली, आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवली. आणि आमच्या इमारतीत आता ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या बादलीत जातं. आमच्या बादलीत अंड्याची टरफलं असतात. सासूबाई स्वतः टाकतात, वरून कागद झाकून, पण टाकतात.

हे सगळं इथं संपायला हवं होतं.

परवा मावशींकडे चहा घेत होते. मावशी एकदम म्हणाल्या, "ऋजुता, जेवण कुणाचं?"

"कसलं जेवण?"

"त्या कुंभोजकरांनी सांगितलं नव्हतं का. अख्खं जेवण, न उष्टावलेलं, रोज. बाटल्या बापूंच्या, थोटकं वरच्या मुलाची, बाकीचं तुझं. जेवण कुणी घेतलंच नाही."

मी कप खाली ठेवला. खरंच कुणी घेतलं नव्हतं. त्याची पाळी यायच्या आत माझा हात वर गेला होता आणि सभा मोडली होती.

मी कुंभोजकरांना फोन केला. त्यांनी तपासून सांगितलं: चार चपात्या, भात, एक भाजी, चपात्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. दोन महिने, जवळजवळ रोज. म्हणजे कुणीतरी ताट वाढून घेत होतं, किंवा डबा भरून घेत होतं, आणि घरच्यांना कळू नये म्हणून जिन्यात येऊन मावशींच्या बादलीचं झाकण उचलत होतं. मी विचारलं, आता कुणाच्या बादलीत सापडतंय? ते म्हणाले, "तुमच्या इमारतीत कुणाच्याच नाही. सभेनंतर एकदम थांबलं."

मी आणि मावशी बाकीची चारही दारं फिरलो. काही ना काही निमित्त काढून गेलो, कुणाकडे वाटीभर लोणचं, कुणाकडे इरूची तब्येत सांगायला. सगळीकडे हसून स्वागत. सगळीकडे "आमचं नाही हो, आमच्याकडे कुठं काय वाया जातं." बापूंनीसुद्धा विनोद केला नाही. परत आल्यावर मी माझ्याच घरात सासूबाईंच्या ताटाकडे चोरून बघितलं. त्या जेवत होत्या. पण आता मला कुणाच्याच जेवण्याची खात्री वाटत नाही. जिन्यात कुणी भेटलं की मी मनगटं बघते, गळ्याची हाडं बघते, ब्लाऊजच्या बाह्या सैल झाल्यात का बघते. ते जेवण थांबलं याचा अर्थ ते माणूस जेवायला लागलं, असाही होतो. किंवा त्याला दुसरी बादली सापडली.

ती बादली तुमची असू शकते.

म्हणून हे लिहिलं. उद्या सकाळी घंटागाडी येईल तेव्हा आपल्या बादलीचं झाकण जरा उघडून बघा. आत तुम्ही न केलेली भाजी असेल तर रागावू नका, आरडाओरडा करू नका. आणि काही नसलं, तरी गाडी गेल्यावर शेजारच्या दाराची कडी वाजवा. "जेवलात का?" आपण सगळेच विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे जातो. तुम्ही थांबा. "हो" म्हणाले तरी थांबा. आत जा, बसा, आणि त्यांच्यासमोर तुमचंही ताट वाढून घ्या.